पुंगळी चेंबरमध्ये अडकते : एका .२२ रायफलीचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापूर भागातल्या एका लहान रेंजवर मी नेमबाजी शिकवतो. क्लबच्या रायफलींची देखभालही माझ्याकडेच आहे. या प्रकरणातली रायफल क्लबच्या मालकीची आहे. ५० मीटरची, .२२ लाँग रायफल, बोल्ट ॲक्शन (बोल्ट हाताने मागे-पुढे करायचा), एका वेळी एकच राउंड, म्हणजे काडतूस, भरायची. जुनी आहे, पण बॅरल उत्तम आहे आणि गोळ्या अजूनही एकाच ठिकाणी घालते. ज्या मुलांना स्वतःची रायफल घेणं परवडत नाही, ती हिच्यावर शिकतात.

१ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्यपदक जिंकलं. त्यानंतर आमच्याकडे येणाऱ्या मुलांची संख्या वाढली, रायफली मात्र तेवढ्याच राहिल्या. एका रायफलीवर तीन मुलं आली. राउंड बाहेरून येतात आणि मोजून मिळतात, म्हणून ड्राय प्रॅक्टिसवर, म्हणजे राउंड न भरता पोझिशन घेऊन ट्रिगर दाबण्याच्या सरावावर, जास्त भर द्यावा लागला. पावसाळ्यात रेंजवर चिखल आणि अंधार असतो, तेव्हा तर दिवस दिवस ड्रायच चालतं. हा तपशील सुरुवातीलाच लिहितो आहे, कारण शेवटी सगळं इथेच येऊन ठेपलं.

रायफल मुख्यतः एक सोळा वर्षांची मुलगी वापरत होती. राज्य स्पर्धा सात आठवड्यांवर आली होती.

अडचण

एका सकाळी तिने रायफल खाली ठेवली आणि हात वर केला. "सर, पुंगळी येत नाही."

गोळी नीट सुटली होती, स्क्रीनवर छिद्रही दिसत होतं. बोल्टचा दांडा उचलायला नेहमीपेक्षा जड गेला, बोल्ट मागे आला आणि पुंगळी, म्हणजे काडतुसाचं रिकामं पितळी कवच, चेंबरमध्येच (बॅरलच्या मागच्या टोकाला राउंड बसतो त्या जागेत) राहिली. त्या दिवशी २० पैकी ७ वेळा हेच झालं.

प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून मारताना, ६० शॉट ५० मिनिटांत संपवायचे असतात. स्लिंग (रायफल हाताला बांधणारा पट्टा) घट्ट, कोपर एका जागी रुजलेलं, गाल स्टॉकवर. पुंगळी काढायला हात सोडला की सगळी पोझिशन मोडते आणि पुन्हा जुळवायला दोन-तीन मिनिटं जातात. सातव्या वेळी तिने किटमधला छोटा स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला, तेव्हा मी तिला थांबवलं. चेंबरच्या तोंडाशी पोलादी टोक फिरवलं तर नवा ओरखडा उठतो आणि मूळ अडचण कुठली, ओरखड्याची कुठली, हे पुढे कळतच नाही.

अडकलेली पुंगळी बॅरलच्या तोंडाकडून क्लीनिंग रॉड घालून हलकेच ढकलता येते. पण गोळी बाहेर पडल्याची शंभर टक्के खात्री असेल तरच. आम्ही दोन गोष्टी पाहतो : स्क्रीनवर शॉटची नोंद झालेली हवी, आणि बोल्ट काढल्यावर पुंगळीच्या कडेवर पिनेचा ठसा दिसायला हवा. यातलं एक जरी नसेल, तर राउंड भरलेलाच आहे असं धरायचं, नळी टार्गेटकडे ठेवून ३० सेकंद थांबायचं आणि मला बोलवायचं. भरलेल्या राउंडवर समोरून रॉड कधीही घालायचा नाही.

शक्यता काय होत्या

.२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासून चालत आलेलं आहे. सेंटरफायर काडतुसात बुडाच्या मध्यभागी प्रायमर असतो. इथे पेटणारा मसाला बुडाच्या दुमडलेल्या कडेत भरलेला असतो आणि फायरिंग पिन त्या कडेवरच पडते. ही कड जेमतेम १ मिलिमीटर जाड असते. एक्स्ट्रॅक्टरचा पंजा पुंगळी ओढतो, तोही याच कडेला धरून. म्हणजे पेटवायची जागा आणि ओढायची जागा एकच. बुडाच्या एवढ्याशा कडेवर दोन्ही कामांचा भार आहे.

गोळी सुटताना दाबाने पितळ फुगतं आणि चेंबरच्या भिंतीला चिकटतं. दाब उतरला की ते किंचित आकसतं, म्हणून पुंगळी बाहेर येते. तिने अडून राहायची कारणं म्हणून दोनच प्रकारची : पंजा नीट ओढत नाही, किंवा चेंबर सोडत नाही.

पंज्याच्या बाजूला झिजलेलं टोक, दमलेली स्प्रिंग, पंज्याखाली साठलेला मेण-काजळीचा गाळ. चेंबरच्या बाजूला पुंगळीच्या तोंडाशी जमणारं काजळीचं कडं, ओलाव्याने आलेला गंज किंवा धातूचं नुकसान. शिवाय राउंडचा लॉट, म्हणजे एकाच वेळी बनलेला साठा. आमच्याकडच्या पावसात गंजाचा संशय पहिल्यांदा येतोच. रायफलींच्या कपाटात सिलिका जेल असतं, तरी मी टॉर्च मारून पाहिलं. गंज नव्हता.

पहिली फेरी : राउंड

सगळ्यात सोपं आधी तपासावं, म्हणून दोन वेगळ्या बनावटींचे दहा-दहा राउंड मारले. एकात चार अडकल्या, दुसऱ्यात दोन. फरक होता, पण दोन्हींत अडचण होती. हेच राउंड शेजारच्या रायफलीत बिनतक्रार चालले, त्यामुळे राउंडवरचा संशय मी काढून टाकला.

दुसरी फेरी : एक्स्ट्रॅक्टर

इथे मी चुकलो. चूक नेमकी कुठे झाली ते सविस्तर सांगतो.

बोल्ट काढून भिंगाखाली धरला. पंज्याखाली काळपट मेणासारखा थर घट्ट बसला होता. सुती काडी आणि सॉल्व्हंटने तो काढला. पंज्याचं टोक मला थोडं गोल झाल्यासारखं वाटलं. कपाटात सुटे भाग होते, त्यातला पंजा आणि स्प्रिंग त्याच बैठकीत बदलून टाकली. संध्याकाळी २० राउंड मारले, दोनच पुंगळ्या अडकल्या. सातावरून दोनवर आल्यावर मला हायसं वाटलं आणि मी रजिस्टरमध्ये "एक्स्ट्रॅक्टर बदलला, सुधारणा" अशी नोंद केली.

गाळ काढणं, पंजा बदलणं आणि स्प्रिंग बदलणं अशा तीन गोष्टी मी एकदम केल्या होत्या. सुधारणा कशामुळे झाली, हे मला सांगता येत नव्हतं. नवी स्प्रिंग कडक होती. ती पुंगळीला अधिक जोर लावून ओढत होती, एवढाच फरक पडला होता. चेंबर पुंगळीला धरून ठेवत होतं, ते तसंच राहिलं. आठवड्याभरात पुन्हा २० मागे पाच अडकू लागल्या. आता पुंगळीच्या कडेवर पंज्याचे चावे दिसत होते, एका पुंगळीची कड तर एका बाजूला वाकली होती. कड फाटली असती, तर पुंगळी आत राहून पंज्याला धरायला काही उरलंच नसतं.

तिसरी फेरी : काजळीचं कडं

पंजा इतक्या जोराने ओढत असूनही पुंगळी येत नाही, म्हणजे अडचण चेंबरमध्ये आहे, हे आता तरी माझ्या लक्षात यायला हवं होतं आणि आलं. लाँग रायफलची पुंगळी साधारण १५.६ मिलिमीटर लांब असते. ती जिथे संपते तिथे काजळी, शिसं आणि मेण यांचं एक कडं तयार होतं. ते कडक झालं की पुंगळीचं तोंड त्यात रुतून बसतं. तोकडे .२२ शॉर्ट राउंड लाँग रायफलच्या चेंबरमध्ये मारले, तर हे कडं आणखी मागे, म्हणजे लांब पुंगळीच्या वाटेतच तयार होतं. आमच्या रायफलीत शॉर्ट कोणी मारले नव्हते.

बोल्ट काढला, मागच्या बाजूने रॉड गाइड बसवला, पितळी ब्रशला सॉल्व्हंट लावून चेंबर भिजवलं, पंधरा मिनिटं थांबलो आणि ब्रश फिरवला. पांढऱ्या फडक्यावर काळे खडे आले, वाळूच्या कणांसारखे. इतकी घाण निघालेली पाहून मला खात्रीच झाली की कारण सापडलं.

पहिले ४० राउंड सुरेख गेले. दांडाही हलका उचलला जात होता. एक्केचाळिसाव्याला पुंगळी अडकली.

स्पर्धा आता पाच आठवड्यांवर होती. मुलगी काही बोलत नव्हती, पण बोल्ट उचलायच्या आधी क्षणभर तिचा हात थबकायचा. शॉट सुटून गेल्यावरही तिचं लक्ष बोल्टवर असायचं आणि पुढच्या शॉटमध्ये ते दिसायचं. त्या दिवशी मी तिला ही रायफल बंद केली आणि दुसऱ्या क्लब रायफलीवर बसवलं. तिच्या स्टॉकची मापं वेगळी, ट्रिगर वेगळा. हा निर्णय मी आठवडाभर आधी घ्यायला हवा होता.

ट्रेमधल्या पुंगळ्या

राउंडची डबी ५० ची असते आणि आत भोकांचा प्लॅस्टिक ट्रे असतो. या मुलीला एक सवय होती. मारलेल्या पुंगळ्या ती ओळीने, मारलेल्या क्रमाने, परत ट्रेमध्ये लावायची. शेवटच्या दिवशीचा ट्रे तसाच टेबलावर होता. वडील तिला न्यायला आले होते. ते उद्यमनगरात लेथवर काम करतात. बोलता बोलता त्यांनी ट्रेमधली एक पुंगळी उचलली, बोटांत फिरवली आणि खिडकीच्या उजेडाकडे धरली.

"सर, ह्याला बर लागलीय कुठंतरी."

लेथवाल्यांच्या भाषेत बर म्हणजे धातूची उचललेली धारदार कड. मी भिंग काढलं. पुंगळीच्या अंगावर, बुडापासून तोंडाकडे जाणारी, केसासारखी बारीक सरळ रेघ होती. दुसरी पुंगळी घेतली, तिच्यावरही रेघ. दहा पुंगळ्या पाहिल्या, दहांवर रेघ. आणि दरवेळी ती रेघ पिनेच्या ठशाच्या बरोबर खालून सुरू होत होती.

हे पाहिलं आणि प्रकरण उलगडलं. राउंड भरताना तो कसाही फिरलेला असतो. रेघ राउंडच्या दोषाने आली असती, तर प्रत्येक पुंगळीवर ती पिनेच्या ठशापासून वेगवेगळ्या अंतरावर दिसली असती. पंज्याच्या चाव्याच्या जागी असती, तर संशय पंज्यावर गेला असता. रेघ कायम ठशाखाली येते याचा अर्थ चेंबरच्या तोंडाला, पीन जिथे पडते नेमकी तिथेच, काहीतरी उभं राहिलं आहे.

कोरडी सुती काडी घेतली आणि चेंबरच्या तोंडावरून आतल्या कडेने हलकेच गोल फिरवली. घड्याळात बारा वाजतात त्या जागी कापसाचा तंतू अडकला. पुन्हा फिरवली, पुन्हा तिथेच. टॉर्च तिरकी धरल्यावर तिथे एक चकाकणारा खड्डा दिसला आणि त्याच्या चेंबरकडच्या बाजूला धातू आत ढकलला गेलेला दिसला. राउंड सुटला की पितळ फुगून त्या बरेभोवती बसायचं. मग बोल्ट ओढताना त्या उंचवट्यावरून पितळ खरवडत बाहेर काढावं लागायचं. चेंबर स्वच्छ आणि गार असेल तोवर ते जमायचं. चाळीस राउंडनंतर काजळी साठली की जमायचं नाही.

राउंड भरतानाही थोडा अडथळा जाणवत असणार. पण मॅच चेंबर, म्हणजे स्पर्धेच्या रायफलीचं चेंबर, मुळातच घट्ट असतं, त्यात गोळी रायफलिंगला (बॅरलच्या आतल्या पीळदार खाचांना) टेकते, म्हणून बोल्ट लावताना लागणारा जोर आम्हाला नेहमीचाच वाटत राहिला.

बर आली कुठून

राउंड चेंबरमध्ये असतो तेव्हा पिनेच्या वाटेत पितळाची कड असते आणि मार ती झेलते. चेंबर रिकामं असताना ट्रिगर दाबला आणि पीन गरजेपेक्षा जास्त बाहेर येत असेल, तर ती थेट बॅरलच्या कडेवर आदळते. सेंटरफायरमध्ये पिनेसमोर मोकळी जागा असते, इथे पोलाद असतं. चांगल्या बनावटीच्या रायफलीत पीन बॅरलला टेकणार नाही इतकीच बाहेर येते. म्हणून ड्राय केलं की नुकसान होतंच असं नाही.

आमच्या रायफलीची पीन वर्षभरापूर्वी मोडली होती आणि नवी बसवली होती. ती किती बाहेर येते, हे मी मोजलं नव्हतं. ड्राय करताना चेंबरमध्ये मारलेली पुंगळी घालायची आणि दर थोड्या वेळाने ती फिरवायची, असा आमचा नियम आहे. त्या पावसाळ्यात तीन मुलं एका रायफलीवर होती. मी तिघांनाही विचारलं. दोघं म्हणाली, "पुंगळी घालतो सर." तिसरा नवा होता. हा नियम त्याला कोणी सांगितलाच नव्हता. सांगायचं काम माझं होतं.

दुरुस्तीचा निर्णय

मुलीचे वडील म्हणाले, "सर, दोन मिनिटांचं काम आहे. आमच्याकडं पॉलिश मारून देतो की." त्यांचा हात किती सफाईचा आहे हे मला माहीत आहे. हे प्रकरण सुटलं तेही त्यांच्याच नजरेमुळे. तरी मी नको म्हटलं. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्राची दुरुस्ती परवान्याशिवाय करता येत नाही. पुंगळी ढकलणं, साफसफाई, तेलपाणी हे आमचं काम. चेंबरच्या धातूला हात लावणं आमचं नाही. शिवाय इथे भरवसा मिलिमीटरच्या शंभराव्या भागावर असतो. एकदा जास्त धातू निघाला, तर तो परत घालता येत नाही. त्या जागी पुंगळीला आधार मिळत नाही आणि दाबाने कड फुटली, तर तप्त वायू मागे, नेमबाजाच्या तोंडाकडे येतो. ते त्यांना पटलं.

बॅरल बदलणं परवडणारं नव्हतं आणि गरजेचंही नव्हतं. रायफल विक्रेत्याकडे पाठवायची तर बरेच आठवडे लागले असते. तिसरा मार्ग परवानाधारक आर्मररचा, म्हणजे शस्त्र दुरुस्त करणाऱ्या कारागिराचा. रायफल कागदपत्रांसह पुण्याला नेली.

आर्मरर काकांनी आधी पुंगळ्यांचा ट्रे मागितला. रायफल नंतर पाहिली. मग त्यांनी काम कसं करणार ते समजावून सांगितलं. बर कापून काढायची नाही, कारण ती चेंबरचाच धातू आहे, पिनेच्या माराने आत सरकलेला. त्यांच्याकडे एक गुळगुळीत, कडक पोलादाचं, किंचित निमुळतं हत्यार होतं. ते चेंबरमध्ये सरकवून त्यांनी उचललेला धातू दाबत दाबत जिथून आला होता तिथे परत बसवला. मग अगदी हलकं पॉलिश. मधे मधे ते एक रिकामी पुंगळी आत घालून बोटानेच बाहेर ओढून पाहत होते. चौथ्या वेळी ती न अडता आली. पीन मोजली, ती खरोखरच लांब होती. तीही त्यांनी योग्य मापाची करून दिली. मी बसवलेली कडक स्प्रिंग त्यांनी काढायला लावली आणि जुनीच परत घातली. जुन्या पंज्यातही दोष नव्हता.

परिणाम

रायफल परत आली तेव्हा स्पर्धेला नऊ दिवस उरले होते. पहिल्या दिवशी १०० आणि पुढच्या दोन दिवसांत १०० राउंड मारले. एकही पुंगळी अडकली नाही. ५० मीटरवरचा ग्रुप, म्हणजे छिद्रांचा पुंजका, पहिल्यासारखाच होता. पुंगळ्यांवरची रेघ गेली होती, भिंगातून ठशाखाली फक्त एक पुसटशी चमक दिसत होती.

मुलगी मात्र स्पर्धेत दुसऱ्याच रायफलीवर उतरली. नऊ दिवसांत पुन्हा बदल नको, असं आम्ही दोघांनी ठरवलं. तिचा स्कोअर सरावापेक्षा खाली गेला आणि पुढच्या फेरीची संधी हुकली. रायफल दुरुस्त झाली, पण तिचं ते वर्ष हातचं गेलं. मला याचं अजून वाईट वाटतं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्याच दिवशी पुंगळ्या पाहायला हव्या होत्या. त्या सातही पुंगळ्या ट्रेमध्ये होत्या आणि त्यांच्यावर रेघ होतीच. भिंग माझ्या खिशात होतं. मी ते बोल्टवर धरलं, पुंगळीवर धरलं नाही.

दुसरं, प्लॅस्टिकचा डमी राउंड. पंज्याकडे वळायच्या आधी डमी पाच वेळा भरून काढला असता, तर तो दरवेळी सुखाने बाहेर आला असता. (नंतर करून पाहिलं, येत होता.) पंजा धरतो, ओढतो, म्हणजे अडचण पितळ फुगल्यानंतरची आहे, इतकं पाच मिनिटांत कळलं असतं. ही तपासणी भरलेल्या राउंडने करू नये. मॅच चेंबरमध्ये गोळी रायफलिंगला टेकलेली असते. राउंड ओढताना गोळी आतच राहून दारू ॲक्शनमध्ये सांडू शकते.

तिसरं, एका वेळी एकच बदल करायचा आणि दर बदलानंतर निदान ५० राउंड मारायचे. माझ्या दोन्ही "सुधारणा" २० आणि ४० राउंडांवर उभ्या होत्या. राउंड वाचवायचे म्हणून मी चाचणी आखडती घेतली आणि त्यात मुलीचे दोन आठवडे गेले.

चौथं, पीन बदलली त्या दिवसाची रजिस्टरमधली नोंद फक्त "पीन बदलली" इतकीच आहे. किती बाहेर येते ते मोजायचं मला सुचलं नाही. आता सुटा भाग बसवला की रायफल आर्मररला दाखवल्याशिवाय तिच्यावर ड्राय होत नाही. ड्रायचा नियम कपाटाच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावला आहे आणि नव्या मुलाकडून पहिल्या दिवशी तो करून घेतो.

ती रायफल आजही वापरात आहे. दर दोनशे राउंडनंतर मी बोल्ट काढतो आणि कोरडी सुती काडी चेंबरच्या तोंडावरून फिरवतो. बाराच्या जागी आल्यावर हात आपोआप हळू होतो. आजवर तंतू अडकलेला नाही.